केतकीची दोन वाक्यं

मार्च उजाडला की आमच्या के. आर. पुरमच्या इमारतीतले आवाज कमी व्हायला लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर सूचना येते, मुलांच्या परीक्षा आहेत, भिंतीला ड्रिल लावायचं असेल तर चारच्या पुढे लावा. दुसऱ्या मजल्यावरचा तबला बंद होतो. लिफ्टचं दारसुद्धा लोक हाताने धरून हळू लावतात. बाहेर मात्र सगळं उघडंवाघडं असतं. रस्त्याकडेची टॅबेबुयाची झाडं पानं टाकून नुसती गुलाबी होऊन उभी राहतात, लोक स्कूटर थांबवून त्यांचे फोटो काढतात. करंजांना पोपटी पालवी फुटलेली असते. शाळेच्या फाटकासमोर तिखटमीठ लावलेल्या कैरीची गाडी असते आणि तिच्याभोवती गणवेशातली मुलं प्रश्नपत्रिकेच्या सुरळ्या करून उत्तरं जुळवत असतात. “तुझं किती आलं?” “सव्वादोन.” “माझं साडेतीन.” “मग दोघंही गेलो.” आणि हसतात.

कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळात या दिवसांत सकाळी रांग लागते. पुजारी मुलांची पेनं तबकात घेऊन देवाच्या पायाशी ठेवतात आणि कुंकवाचं बोट लावून परत देतात. परवा एका मुलीला तिचं पेन मिळेना. सगळी पेनं एकाच कंपनीची, निळ्या टोपणाची. पुजारी म्हणाले, “यातलं कुठलंही घे गं, देवाला सगळी सारखीच.” ती म्हणाली, “पण मला माझंच पाहिजे.” मी प्रदक्षिणा अर्धी टाकून बाहेर आले.

मला हा महिना सोसत नाही. घरच्यांना वाटतं, उन्हामुळे. मीही तसंच सांगत आले आहे, तेरा वर्षं.

मी दुभाषी आहे. माहेर निपाणीचं. घरात मराठी, दुकानात कन्नड, रस्त्यावर दोन्हीची सरमिसळ. लग्न करून बंगळुरूला आले, काही वर्षं वकिलांच्या कागदांची भाषांतरं केली आणि मग मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. आमच्या धंद्यात कमी बोलणाऱ्या माणसाला मान असतो. दुसऱ्याचं तोंडात घ्यायचं आणि तसंच्या तसं पुढे द्यायचं, मध्ये आपलं काही मिसळायचं नाही. मी मुळातच अबोल, त्यामुळे लोकांना माझा भरवसा वाटायचा. अबोल माणूस प्रामाणिक असतो असं लोक का धरून चालतात, कोण जाणे.

तेरा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आमच्या संस्थेला मोठं काम मिळालं होतं. मुलांच्या हक्कांचा एक करार आहे. जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी त्यावर सह्या केल्या आहेत. मुलांना मारू नये, छळू नये, घरातही नाही आणि शाळेतही नाही, असं जगाने मिळून ठरवलेलं. पण ठरवलेलं किती उतरलंय हे बघायला मुलांनाच विचारायला हवं, असं कुणाच्या तरी मनात आलं आणि एका आंतरराष्ट्रीय संस्थेने कितीतरी देशांत मुलांच्या बैठका घ्यायचं ठरवलं. बंगळुरूची बैठक आमच्याकडे होती. मुलं आपल्या तोंडाने सांगतील, आम्ही ते मुलांच्याच शब्दांत लिहून घेऊ, त्या सगळ्याचा एक अहवाल होईल आणि तो मोठमोठ्या सभागृहांत, गळ्यात ओळखपत्रं घालून बसलेल्या लोकांपुढे ठेवला जाईल.

आमच्या प्रमुख शैलजा. मंड्याकडच्या, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. त्यांनी आम्हाला आठवडाभर शिकवलं. मुलाच्या शेजारी बसा, समोर नको. “खरं सांग” म्हणू नका. आणि मुलाने धोक्याचं काही सांगितलं तर ते फक्त शैलजांना सांगायचं, त्या मुलाशी बोलून पुढचं पाऊल उचलतील. परस्पर घरच्यांना कधीही, कुठल्याही कारणाने सांगायचं नाही. हे त्यांनी आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. मीही म्हटलं होतं.

बैठक एका शाळेच्या वाचनालयात होती. फरशीवर जमखाने, वर घरघरणारे पंखे, कोपऱ्यात माठ. वीसेक मुलं. काही वस्तीतली, काही चांगल्या शाळांतली. शैलजा मुलांना म्हणाल्या, “तुमचं बोलणं या खोलीतून थेट जगापुढे जाणार आहे. नाव जाणार नाही, शब्द जातील.” मुलं एकदम ताठ बसली. परदेशातून एक निरीक्षक आल्या होत्या, मिसेस ग्रेस, पूर्व आफ्रिकेतल्या. उंच, धिप्पाड बाई, पण मुलांबरोबर खाली मांडी घालून बसल्या. मला म्हणाल्या, “आमच्याकडेही माराला शिस्तच म्हणतात. जगात सगळ्या भाषांना हा एक शब्द कसा मिळाला असेल?” मी हसले. हसण्यावारी नेणं मला जमतं.

माझ्या शाळेत मास्तरांच्या टेबलावर वेताची छडी असायची, डस्टरच्या शेजारी. डस्टर हरवलं तर शोधाशोध व्हायची, छडी कधी हरवली नाही. आम्ही घरी येऊन त्याबद्दल बोलत नसू. बोलण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटायचं नाही.

मुलांच्या त्या गोलात केतकी होती. वय बारा, सातवीत. तिला मी ओळखत होते. आमच्या मराठी मंडळातल्या सबनीसांची मुलगी. सबनीस पुण्याचे, एका सरकारी संशोधन संस्थेत वरच्या पदावर. मंडळातलं मोठं प्रस्थ. गणपतीत आरतीला उभे राहिले की पहिला आवाज त्यांचा. बोलायला मिठ्ठास. माझी निपाणीची मराठी ऐकली की मुद्दाम म्हणायचे, “वहिनी, काय करायलात? जेवायलात की बसायलात?” आणि सगळे हसायचे, मीही हसायचे. पण मंडळाच्या कार्यक्रमांचं निवेदन त्यांनीच माझ्याकडे सोपवलं होतं. “लिहून आणलेलं असेल तर तुमच्यासारखं कोणी वाचत नाही,” असं म्हणाले होते. परगावात राहणाऱ्या माणसाला अशा एका वाक्याची किती भूक असते, ते घरी राहणाऱ्यांना कळायचं नाही.

केतकीची पाळी आली. आधी ती इंग्रजीत बोलली. शाळा, आवडता विषय, विज्ञानात गुण कमी पडतात. मग थांबली. जमखान्याचा दोरा ओढत राहिली. आणि मान वर करून, माझ्याकडे बघत, मराठीत म्हणाली,

“बाबा आधी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात, मग आई मिक्सर लावते. मिक्सरमध्ये काही नसतं.”

दोनच वाक्यं. पाठ केलेल्या कवितेसारखी, न अडखळता.

त्या खोलीत मराठी कळणारी मी एकटी होते. शैलजा वहीवर पेन टेकवून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ग्रेसबाई बघत होत्या. आणि त्या दोन-तीन क्षणांत माझ्या मनात काय आलं ते आज लिहायचं आहे, म्हणून हा सगळा खटाटोप. केतकीला किती लागत असेल, हे माझ्या मनात आलं नाही. माझ्या मनात आलं, या लोकांपुढे? आपल्या माणसांबद्दल? वस्तीतल्या पोरांच्या घरी दारू असते, मारहाण असते, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. पण आपल्या घरांतून, जिथे भिंतीवर पदव्या टांगलेल्या असतात आणि संध्याकाळी शुभंकरोति असतं, तिथून हे? आणि ते मी, माझ्या तोंडाने, कानडी माणसांना आणि परदेशी बाईला सांगायचं?

मी इंग्रजीत म्हणाले, “परीक्षेच्या दिवसांत घरी ताण असतो, असं ती सांगते आहे.”

शैलजांनी तसं लिहून घेतलं. केतकीला इंग्रजी चांगलं येत होतं. तिने ऐकलं. माझ्याकडे बघत राहिली, आणि मग माझ्या हे लक्षात आलं की तिला वाटतंय, हे सगळ्यांदेखत सांगायचं नसेल, काकू नंतर लिहितील. तिने समजल्यासारखी मान हलवली. त्या मान हलवण्याला मी आजही घाबरते.

चहाच्या वेळी ग्रेसबाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, “ती मुलगी बोलत असताना तुमचा चेहरा बदलला होता. आणि तुम्ही सांगितलंत ते वाक्य तर अगदी साधं होतं.”

मी म्हटलं, “मला उकडतंय फार. आमचा मार्च असाच असतो.”

त्यांनी मला थोडा वेळ दिला. कप हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मी बिस्किटांची बशी पुढे केली.

करार कुठल्याशा थंड देशातल्या सभागृहात लिहिला गेला. तिथून तो देशोदेशी आला, आमच्या देशात आला, या शहरात आला, एका शाळेच्या वाचनालयात जमखान्यावर येऊन बसला. इतका लांबचा रस्ता कापून तो एका बारा वर्षांच्या मुलीच्या अगदी कानाशी पोचला होता. आता फक्त माझ्या जिभेवरून जायचा होता. एवढंच अंतर राहिलं होतं.

इथवर मी भित्री होते. पुढच्या रविवारी मी शहाणी झाले, आणि ते जास्त वाईट होतं.

मी ठरवलं, हे घरातल्या घरात मिटवू. शैलजांना सांगितलं तर कागद होणार, बालकल्याण समितीची माणसं दारात येणार, शेजारीपाजारी बघणार. त्यापेक्षा आपल्या माणसाने जाऊन दोन शब्द सांगावेत. आपल्याकडे असंच करतात. सासूसुनेचं असो, वाटणीचं असो, कुणीतरी वडीलधारं जातं, चहा घेतं, विषय काढतं, आणि निघताना सगळं ठीक झालेलं असतं, निदान झाल्यासारखं दिसतं. मी निपाणीहून आलेला चिवडा डब्यात भरला आणि बस धरून सबनीसांकडे गेले.

चहा सबनीसांनी स्वतः केला. “वृंदा, तू बस. वहिनी कधी नव्हे त्या आल्यात.” वृंदा त्यांची बायको. ती बसली. केतकी आत अभ्यास करत होती, दार लोटलेलं होतं. बैठकीतून स्वयंपाकघराचा ओटा दिसत होता. ओट्यावर मिक्सर होता, भांडं धुऊन शेजारी पालथं घातलेलं. माझी नजर तिकडे गेली, आणि वृंदाची माझ्याकडे. ती उठली आणि चिवडा बशीत काढायला आत गेली. बराच वेळ आली नाही.

“केतकी जरा घाबरलेली वाटली बैठकीत,” मी म्हणाले.

“घाबरलेली? काही बोलली का तिथे?” सबनीसांचा आवाज अगदी प्रेमळ होता.

“तसं विशेष नाही. पण… हात उचलू नका तिच्यावर, एवढंच सांगायला आले. हल्लीची मुलं हळवी असतात.”

त्यांनी कप बशीत ठेवला. मग हसले. “अहो वहिनी, आम्ही तर पट्टी तुटेपर्यंत मार खाल्लाय. म्हणून इथवर आलो. पण तुम्ही म्हणता ते बरोबर. बरं झालं घरी येऊन सांगितलंत. हे तुमच्या त्या कानडी बाईंना वगैरे…”

“छे, छे. आपल्यातच राहील.”

“मला खात्री होतीच.”

त्यांनी मला बसथांब्यापर्यंत सोडलं. बस येईपर्यंत थांबले. हात जोडून निरोप दिला. मनगटावर घड्याळ होतं, पट्टा तपकिरी. मी खिडकीशी बसले. वारा लागला, मोगऱ्याच्या गजऱ्यांची टोपली घेऊन एक बाई शेजारी येऊन बसली, आणि मला चक्क बरं वाटलं. फार बरं वाटलं. एका घराची लाज राखली, पोरीचंही काम केलं. बाईकडून गजरा घेऊन मी केसांत माळला. ज्या दुपारी मी त्या मुलीला विकून आले, त्या दुपारी मी गजरा माळून घरी आले. घरच्यांनी विचारलं, “आज काय विशेष?”

दोन आठवड्यांनी पाडवा. मंडळाचा कार्यक्रम. आंब्याची पानं, झेंडूच्या माळा, बाहेर कर्नाटकी उगादीचा बेवूबेल्ला म्हणजे कडुनिंबाची फुलं आणि गूळ, आत आपलं श्रीखंड. निवेदन मीच केलं. बायका रेशमी साड्यांत घामाघूम झाल्या होत्या, आणि केतकीने लांब बाह्यांचा जाडा कुडता घातला होता. मनगटापर्यंत.

पंगतीत मी वाढत होते. तिच्या पानापाशी आले तशी ती हळूच म्हणाली, “काकू, तुम्ही बाबांना सांगितलंत ते सांगितलंत. पण तिकडे पाठवलंत ना?”

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर तोंड फिरवेल. तिने हिशेब केला होता. एक गोष्ट बिघडली, ती सोडून दिली. दुसरी अजून शिल्लक होती. तिचे शब्द जगाकडे निघाले असतील, तर बाकीचं सोसता येणार होतं.

मी म्हणाले, “हो, पाठवलं.”

“तसंच?”

“तसंच.”

ती म्हणाली, “मग ठीक आहे,” आणि श्रीखंड खायला लागली.

जूनमध्ये तिला सांगलीकडच्या एका वसतिगृहात ठेवलं. “इकडे आपली भाषा बिघडते मुलांची,” सबनीस मंडळात सांगत होते. पुढे अहवाल छापून आला. जाड, गुळगुळीत, वर हसणाऱ्या मुलांचे चेहरे. आमच्या शहराला त्यात दोन पानं होती. परीक्षांचा ताण हा मुलांनी मांडलेला एक मुद्दा होता, असं त्यात होतं. इतर शहरांतल्या मुलांची वाक्यं तिरक्या अक्षरांत, जशीच्या तशी दिली होती. कुठल्याशा देशातल्या एका मुलीने सांगितलेलं मी वाचलं, आणि वाटलं, या मुलीला दुभाषी बरी मिळाली.

मी ते काम सोडलं नाही. सोडायला हवं होतं, किंवा बोलायला हवं होतं, दोन्ही केलं नाही. उलट जास्त काटेकोर झाले. माझ्यानंतर आलेल्या दुभाष्यांच्या चुका मी काढायचे. “शब्द गाळू नकोस,” असं मी एकीला इतकं तोडून बोलले होते की ती दुसऱ्या दिवशी आली नाही. आणि दर मार्चला, शेजारच्या कुठल्याही घरात मिक्सर लागला की मी कान देऊन ऐकायचे, आत काही आहे का. चटणीचा आवाज जड असतो. भांडं रिकामं असलं की तो उंच जातो, पातळ होतो. हे ज्ञान माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं.

या वर्षी फेब्रुवारीत शैलजांनी बोलावून घेतलं. त्याच परदेशी संस्थेची पुन्हा एक फेरी आहे. नवी मुलं, नवे ऐकणारे. “अक्का, प्रशिक्षण तुम्ही घ्या. तुमच्याइतकं जपून काम करणारं कोणी नाही आमच्याकडे.” मी म्हटलं, स्वल्प वेळ द्या. घरी आले आणि वृंदाला पुण्याला फोन केला. सबनीस निवृत्त होऊन ते दोघे तिकडे गेले होते. मी केतकीचा नंबर मागितला. मग वृंदा म्हणाली, “देते. काय बोलायचंय ते विचारत नाही.” आणि नंबर दोनदा सांगितला, सावकाश, एकेक आकडा.

केतकी बंगळुरूलाच होती. नोकरी व्हाइटफील्डला, राहायला एचएसआर लेआउट. तिनेच एका उडपी हॉटेलचं नाव सांगितलं, सकाळी आठ, ऑफिसची कॅब यायच्या आधी. उंच टेबलाशी उभ्याने खायची जागा. पंचवीस वर्षांची बाई समोर आली. केस आखूड, पाठीवर लॅपटॉपची बॅग, बिनबाह्यांचा टॉप. मी तिच्या हातांकडे बघितलं, आणि मी बघितलं हे तिने बघितलं.

“इडली घ्या काकू, गार होईल. इथे सांबार गोड असतं, तुम्हाला निपाणीवाल्यांना चालेल.” अगदी बापाची लकब.

मी सगळं सांगितलं. शैलजांना काय म्हणाले, अहवालात काय छापलं, पाडव्याला खोटं बोलले, वृंदाने नंबर दोनदा सांगितला तेही. ती खात होती. मध्येच वेटरला “अण्णा, चटणी स्वल्प” म्हणाली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “कॉलेजात असताना तो रिपोर्ट नेटवर शोधला मी. दोन तास. आधी वाटलं, चुकून राहिलं असेल.”

मी इडलीचा तुकडा मोडला.

“ती वाक्यं मी आदल्या दिवशी तयार केली होती, माहितीये? आधी पाच होती. मग वाटलं, लांब बोललं तर काकू विसरतील, म्हणून दोन केली. आणि मराठीत का, तर तुम्ही मंडळात बोलायचात ना माइकवर, ते मला फार आवडायचं. वाटायचं, ह्या नीट सांगतील.”

“केतकी, मी त्या रविवारी गेल्यावर घरी…”

“ते नाही सांगणार. तुम्ही ते घेऊन जाल आणि वर्षानुवर्षं कुरवाळत बसाल. ते माझं आहे.” मग जरा नरम आवाजात, “आणि प्लीज, सॉरी म्हणू नका. तुम्ही सॉरी म्हटलंत की मला ‘असू दे काकू’ म्हणावं लागतं. मला ते म्हणायचं नाहीये.”

“मग मी काय करू?”

“तुम्ही शिकवणार आहात ना त्या लोकांना? त्यांना सांगा. आणि पाठवा की आता. उशिरा तर उशिरा.”

तिची कॅब आली. जाताना तिने माझी प्लेट उचलून आपल्या प्लेटवर ठेवली आणि दोन्ही नेऊन ठेवल्या.

प्रशिक्षणाला आठ जण होते, सगळे तिशीच्या आतले. मी तयार केलेले कागद बाजूला ठेवले आणि कन्नडमध्ये सांगितलं, कारण शैलजांनी प्रत्येक शब्द ऐकावा असं वाटत होतं. अबोल माणूस बोलायला लागला की त्याला थांबता येत नाही. मी चिवडाही सांगितला, गजराही सांगितला. केतकीची वाक्यं मात्र मराठीत म्हटली आणि मग एकेक शब्द कन्नडमध्ये. एका मुलीने विचारलं, “अक्का, तुम्हाला त्या वेळी कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतंत?” मी म्हटलं, “एकीने विचारलं होतं. मी तिला बिस्किट दिलं.”

शैलजा सगळे गेल्यावर म्हणाल्या, “तेरा वर्षं मी तुमच्या शेजारी बसून डबा खाल्ला, अक्का. ती वही माझ्या हातात होती. अक्षर माझं आहे त्यात.” मग त्यांनी डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “मुलांच्या खोलीत यापुढे तुम्ही नको. लेखी कामं करा. सरी ना?”

“सरी,” मी म्हटलं, ठीक आहे. बरोबरच होतं ते. संध्याकाळी बसमध्ये हात रिकामे वाटत होते. तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं वाहणारी बाई मी, आता माझ्याकडे कुणी आपलं बोलणं देणार नव्हतं.

त्या परदेशी संस्थेला मी पत्र लिहिलं. कोणत्या वर्षीची बैठक, काय बोललं गेलं, काय नोंदवलं गेलं, चूक कुणाची. केतकीची संमती जोडली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. फार सभ्य. माझ्या प्रामाणिकपणाची कदर आहे, हा अनुभव नव्या दुभाष्यांच्या प्रशिक्षणासाठी उपयोगी पडेल, मात्र तो अहवाल बंद झाला असून त्यात आता बदल करता येत नाही. त्यांचंही चूक नाही. कागदाला कुठेतरी थांबावं लागतं. फक्त मुलं थांबून राहतात.

मी ते उत्तर केतकीला वाचून दाखवलं, फोनवर. ती व्हाइटफील्डच्या गर्दीत अडकली होती, मागे हॉर्न वाजत होते.

“मग तुम्ही मराठीत लिहा,” ती म्हणाली.

“मराठीत? ते तिकडे कोण वाचणार?”

“तिकडचं राहू दे. बाबा मराठी मासिकं वाचतात. पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. इंग्रजी रिपोर्ट त्यांनी आयुष्यात उघडला नसता.”

“अगं, ते ओळखतील.”

“ओळखू देत.”

शेजारची मुलं पेपर देऊन परत आली होती, जिन्यात त्यांच्या चपलांचा धबधबा चालला होता. मी म्हटलं, “आणि वृंदा?”

“आईने तुम्हाला नंबर दोनदा सांगितला होता ना?” केतकी म्हणाली. “नावं बदला, काकू. शब्द बदलू नका.”

नावं बदलली आहेत.